नसांचा धडा

घाटंजी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होते. माझं गाव कोकणात. आई गेल्यावर तिकडे फोन उचलायलाही कोणी उरलं नव्हतं, म्हणून सुट्टी लागली तरी मी इथेच, एका मेकॅनिकच्या घराच्या माडीवर राहायचे. संध्याकाळी जेवण आटोपलं की मोबाईलवर जीवशास्त्राच्या वेबसाइट उघडायचे. हृदय, मूत्रपिंड, पेशींचं विभाजन, सगळं रंगीत आणि हलतं. समजावणारी बाई इंग्रजीत, अगदी सावकाश बोलायची. कितीतरी दिवस माझ्या खोलीत तेवढाच एक आवाज असायचा.

त्यातलं जे आवडेल ते मी वर्गाला दाखवायचे. संगणकाच्या खोलीत नेट फक्त खिडकीपाशी मिळायचं, म्हणून मोबाईल गजांना टेकवून त्याचं नेट संगणकाला जोडायचे आणि लाइट जायच्या आत धडा उरकायचे.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी पडली तसा जो तो फवारणीला लागला, आणि वर मारलेलं औषध मारणाऱ्याच्याच तोंडावर येऊ लागलं. गावोगावची माणसं यवतमाळच्या दवाखान्यात भरती झाली. बारावीच्या वर्गातली एक मुलगी आठवडाभर आली नाही. आली तेव्हा मागच्या बाकावर बसली.

मज्जासंस्थेचा धडा तेव्हाच आला. पडद्यावर एका नसेच्या टोकातून बारीक पिवळे थेंब सुटत होते, पलीकडच्या स्नायूला लागत होते, स्नायू आखडत होता. मग एक निळा कण येऊन ते थेंब पुसून टाकायचा आणि स्नायू सैल पडायचा. पुढच्या चित्रात कीटकनाशक आलं. निळा कण जागच्या जागी अडकला. थेंब साचत गेले, स्नायू थरथरतच राहिला.

"मॅडम, हे थांबत नाही काय?" मागून त्या मुलीनं विचारलं.

"दवाखान्यात उपचार मिळाले नाहीत तर नाही थांबत."

"माया भावाले असंच झालतं," ती म्हणाली. "तोंडातून फेस, अन् सारं आंग उडे."

तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली. "मॅडम, माया मायले दाखवता का हे?"

शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती आईला घेऊन आली. बाई खुर्चीवर बसेनात, उभ्याच राहिल्या. मी इंग्रजी आवाज बंद केला आणि स्वतः सांगत गेले. विष कातडीतून कसं शिरतं, नाकातून कसं, आत गेल्यावर काय करतं. त्या पडद्याला बोट लावून थेंब बघत होत्या.

"मी त्या दिवशी भाकर उशिरा नेली," त्या म्हणाल्या. "पोरगा उपाशी होता म्हून पडला, असं मले वाटे. घरचेही तसंच म्हणत."

"भाकरीमुळे नाही झालं. फवारणीच्या औषधामुळे झालं."

"भाकरीचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. त्यानंतर आणखी एकदा. मग पदरानं तोंड पुसून त्या लेकीला म्हणाल्या, "चाल वं." दारात थांबून मला विचारलं, "तुम्ही एकल्याच राहता का मॅडम?"

"हो."

"मंग येत जा ना घरी."

असं कोणी म्हणून बरेच दिवस झाले होते. तरी जायला दिवाळी उलटली. त्याआधीच मुलगी वर्गात यायची बंद झाली होती. एका रविवारी मी जीपनं त्यांच्या गावी गेले. घराला कुलूप होतं.

शेजारची बाई ओट्यावर तूर निवडत होती. तिनं सांगितलं, "ते तं दारव्ह्याले गेले, मामाकडं. पोरगा आता चालतोफिरतो, पण डोयानं अंधुक दिसते त्याले. मामाच्या टायरच्या दुकानात बसते. पोरगी तिथल्याच कॉलेजात जाऊन राह्यली."

मग तिनं विचारलं, "तुम्ही कोण त्याइच्या?"

"शिक्षिका," मी म्हटलं.

तिनं चहा ठेवला. सुपातली मूठभर तूर मीही पुढ्यात ओढली. तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं, विहिरीच्या पाण्याचं, कशाकशाचं ती बोलत राहिली. रस्त्यावर परतीची जीप येऊन थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. मी उठले नाही. दुसरी आली, तीही जाऊ दिली.