गोठ्यातलं बाळंतपण

जगात जेवढी म्हणून थंडी आहे ती सगळी आमच्या दोन मुलांचा पत्ता विचारत विचारत डिचोलीला येते, अशी ह्यांच्या आतेची पक्की समजूत होती. ही आते म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून मोप्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, दीर-जावेच्या घरात राहिलेली. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर नव्या भाताचे पोहे घेऊन ती म्हापशाला बस बदलून आमच्याकडे यायची आणि उंबऱ्यातच सांगून टाकायची, "तुळशीचां लगीन झालां की जातंय हां." तुळशीचं लग्न लागायचं, आवळे-चिंचा सुकायच्या, मांडवाचा ऊस मुलं चोखून टाकायची, आणि आते "आता दत्तजयंती इतकी लागी आयली, मगे कित्या जावचां?" म्हणत लोकरीचा नवा गुंडा उलगडायला बसायची. मी शाळेत शिकवते, घरी दोन लहान मुलं, नवरा खाणीच्या ऑफिसात दिवसभर. घरात एक वडीलधारं माणूस असणं किती सोयीचं, असं सगळे मला सांगायचे. सांगणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरी आते राहिलेली नव्हती.

पाऊस गेल्यावर आमच्या डिचोलीत जे उकडतं ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. भिंतीला टेकलं तर भिंत ओली होते. त्यात खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ अंगाच्या घामावर बसते आणि माणूस संध्याकाळपर्यंत कौलासारखा दिसायला लागतो. अशा दिवसांत आते मुलांना लोकरीच्या कानटोप्या घालायची. टोप्या तिनेच विणलेल्या, हाताला लागेल त्या रंगाच्या, हनुवटीखाली गाठ मारायच्या. तिसरीतली उमा कोपऱ्यावर वळली की टोपी दप्तरात कोंबायची, पण चार वर्षांच्या गोपूला ती गाठ सुटायची नाही. मी सोडायची, आते बांधायची, मी पुन्हा सोडायची. एकदा तो चुलीवरच्या मोदकासारखा वाफाळलेला बघून मी म्हटलं, "आते, घाम बघा त्याचा!"

"घाम न्हय तो," आते म्हणाली. "आतली थंडी भायर सरता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

खाण्यापिण्याचे तिचे नियम वेगळेच. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मुलं टोपली घेऊन धावायची, आणि आते दारात आडवी. पावाने खोकला होतो. केळ्याने कफ होतो. दही तर बोलायचंच नाही. मुलांना ह्याप्रमाणे उपदेश करून झाला की ती स्वतः गरमागरम उंडा, तोच गोल पाव, चहात बुडवून चवीने खायची. मुलांनी विचारलं तर म्हणायची, "माझी छाती जुनी आसा. तिका कायएक जायना."

आणि तिचा तो काढा! आलं, मिरी, ओवा, तुळस आणि आणखी काय काय. त्यातलं अर्धं ती सांगायची नाही. एकदा उमा सकाळी दोनदा शिंकून शाळेत आली. दुपारच्या सुट्टीआधी मी तिच्याच वर्गात फळ्यावर गणित घालत होते तर वर्गाच्या दारात आते, हातात कासांडी आणि पेला. उमाला पाजला. मग शेजारच्या मुलीचं नाक वाहतंय असं तिला दिसलं. मग मागच्या बाकावरचा एकजण खोकला. तो मुद्दाम खोकला होता, गंमत म्हणून, त्याची गंमत लगेच संपली. मुख्याध्यापक गोंगाट ऐकून आले आणि मी काही समजावण्याआधीच त्यांच्या हातात पेला होता. ते प्याले. बिचारे आठवडाभर मला भेटले की आधी आजूबाजूला बघून घ्यायचे.

त्या वर्षांत भाषेवरून गावोगाव वाद चालले होते. एके दिवशी मराठीवाले आले, दुसऱ्या दिवशी कोकणीवाले. दोघांनाही आतेनेच बाल्कांवात बसवून घेतलं. बाल्कांव म्हणजे दारापुढचा, दोन्ही बाजूंना बाकं असलेला ओटा. दोघांचंही तिने मान हलवत ऐकलं आणि शेवटी दोघांनाही एकच सांगितलं, "बाबानू, घसो बसलो तर खंयचीच भास उलयता येवची ना," आणि काढा पाजून वाटेला लावलं. पुन्हा त्या दोघांतले कोणी आमच्या फाटकात आल्याचं मला आठवत नाही.

पण मला सांगायचं आहे ते नाताळाचं.

आम्ही राहत होतो ते घर फिलुमेनाबायचं. अर्ध्या भागात ती, अर्ध्यात आम्ही, बाल्कांव दोघांत एक. तिची मुलं-नातवंडं आखातात, आणि तिचे गुडघे असे की खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागायची. त्या वर्षी डिसेंबर लागताच तिने पेटीतल्या मातीच्या मूर्ती काढून उमाच्या ओटीत दिल्या. "माझ्यान आतां जायना गो. ह्या वर्सा गोठो तूं कर." वाड्यावरची तरुण मुलं नाताळात ह्या गोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची, स्पर्धा घ्यायची. उमाने बक्षीस आपल्यालाच मिळणार हे वर्गात आधीच जाहीर करून टाकलं.

मग घरात दुसरं काही सुचेना. ह्यांनी मुळगावच्या एका ओळखीच्या शेतातून स्कूटरवर गवत आणलं. कागद चुरगाळून, त्यांना खाणीची तांबडी माती फासून उमाने डोंगर केले. पत्र्याच्या डब्यांत नाचणी पेरली, ती हिरवीगार उगवून आली. मेरी, जोजेफ, धनगर, तीन राजे, उंट, गाय, गाढव आणि मधोमध गवतावर बाळ. खरोखर देखणं झालं होतं. आते आपली दुपारची झोप काढून बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या बाळंतिणीक हंय वाऱ्यार कोणी बसयल्यान?"

फिलुमेनाबायने आपल्या परीने सगळी कथा सांगितली. परगावी गेलेली माणसं, दिवस भरलेले, धर्मशाळेत जागा नाही. आते ऐकता ऐकता लाल झाली.

"दारात आयलेल्या बाळंतिणीक जागा ना म्हणान सांगलानी? खंयचो गाव तो?"

"पयसुल्लो गांव गो. पोरनी गजाल." दूरचा गाव, जुनी गोष्ट, असं फिलुमेनाबाय समजावत होती.

"पयसुल्लो म्हणान काय जालां? थंय बायलो नासल्यो?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर गोठ्यापुढे आतेचं जुनं लुगडं पडद्यासारखं टांगलेलं. आत बाळाच्या गालावर काजळाची तीट. मेरी गुडघ्यांवर बसलेली होती, "किती वेळ बसतली ती?" म्हणून तिला उशीला टेकवलेली. आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसं कशाला, म्हणून जोजेफ, धनगर आणि तिन्ही राजे बाहेर बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसवलेले. गाईला राहू दिलं होतं. गाढव आणि उंट अंगणात.

"आई, माझा गोठा!" उमाने भोकाड पसरलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी मी आणि उमा राजांना आत न्यायचो, दुपारी आते त्यांना बाहेर काढायची. ती मेरीपुढे रोज तूप घालून पेजेची वाटी ठेवायची. साहजिकच मुंग्या आल्या आणि गाईच्या पायावरून चढून बाळाच्या नाकावरून उतरायला लागल्या. मी वाटी उचलली की आते दुसरी ठेवायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हातारी आहे, असू दे." मी म्हटलं, मीही होईन म्हातारी, ह्या महिनाअखेरीला. मोप्याला जाणाऱ्या बसच्या वेळा मला तोंडपाठ झाल्या होत्या.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी फाटकातून आत आले तर बाल्कांवातून धूर. लुगड्याच्या मागून. मी धावत जाऊन पडदा ओढला. आतेने बाळंतिणीला शेक म्हणून मातीच्या परळात करवंटीचे निखारे घालून, वर ओवा टाकून गोठ्याच्या तोंडाशी ठेवले होते. गवताची एक कड धुमसत लाल झाली होती, आणि त्या गवताला अगदी लागून, कानटोपी घालून, मांडी घालून गोपू बसला होता, बाळाला सोबत म्हणून. मी एका हाताने त्याला बखोटीला धरून ओढला आणि दुसऱ्या हाताने पायरीशी भरून ठेवलेली बादली उचलून सगळ्या गोठ्यावर उपडी केली.

डोंगर विरघळले. तांबडं पाणी बाल्कांवाच्या पायऱ्यांवरून वाहिलं. नाचणी आडवी झाली. उमा माझ्यामागून आली होती. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. आत धूप आणायला गेलेली आते बाहेर आली, आणि दोन महिने साठवलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं. पोर भाजलं असतं, घर पेटलं असतं, मुलीने एवढ्या मेहनतीने केलेलं... "आणि कशासाठी, आते? मातीचं बाळ आहे ते! मातीच्या बाळाला कसली थंडी?"

आतेने वाकून चिखलातून बाळ उचललं, पदराने पुसलं, आणि पदरातच धरून बाकावर बसली. तीट पुसून गेली होती.

"माका म्हायत आसा गो," ती म्हणाली. "मातयेचो तो. माझोय मातयेतच ठेवलो."

मला आधी कळलंच नाही. फिलुमेनाबाय आपल्या दारात उभी होती. तिला माझ्याआधी कळलं असावं, कारण तिने कपाळाला हात लावून क्रूस केला.

"गोठ्याच्या पडवीत बाळंत झालंय," आते सांगत होती, बाजारातली हकीकत सांगावी तशी. "असलेच दीस. सड्यावयलो वारो. निखारे मागलंय तर म्हणाले, उजाडांदी, मगे हाडतांव. चार दीस आसलो. बरो गोरो आसलो." मग थोडं थांबून, "तुका राग येवक जाय. पोर लागी आसलो. माझां चुकलां."

ह्यांना नंतर विचारलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. घरात कोणी कधी बोललंच नव्हतं. मी आतेशेजारी बसले. तिच्या लुगड्याचा चिखल झटकत राहिले. तेवढ्या वेळात, मी काही न सांगता, एक गोष्ट घडली. उमाने कोरडं राहिलेलं गवत वेगळं काढलं, ओलं फेकून दिलं, आणि जमिनीवर पडलेलं आतेचं लुगडं पिळून स्वतःच्या हाताने पुन्हा गोठ्यापुढे टांगलं. फिलुमेनाबाय कण्हत कण्हत खाली बसली आणि गाईचं शेपूट डिंकाने चिकटवायला लागली. मी डोंगर करायला घेतले. ते मला जमले नाहीत, टेकड्या झाल्या. गोपू राजांना एकेक करून उन्हात वाळत घालत होता.

दिवेलागणीला परीक्षक म्हणून तीन तरुण मुलं आली. पायरीवर आते उभी.

"पाय धुवा आधी."

मुलं विहिरीवर जाऊन पाय धुऊन आली.

"एकटो एकटो येवा. हात लावू नका. आनी शिंक येत जाल्यार आताच शिंकान घेवा."

पडदा बाजूला करून मुलं एकेक करून आत वाकून बघत होती. आतल्या पणतीच्या उजेडात लोकरीत गुंडाळलेलं बाळ आणि उशीला टेकलेली मेरी. त्यातल्या धाकट्याने मेरीकडे बोट करून हळूच विचारलं, "साईबीण माय न्हिदल्या?"

"निजूं दी," आते म्हणाली. "दमल्या ती."

त्या मुलाने खरंच आवाज न करता पडदा पुन्हा नीट ओढला.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते गेलं पलीकडच्या आळीतल्या गोठ्याला, ज्यात विजेचे दिवे लुकलुकत होते आणि खरं पाणी वाहत होतं. मला वाटलं उमा आता आकांत करणार. पण तिने तो गोठा नीट बघून घेतला आणि घरी येऊन आतेला सांगितलं, "त्यांच्या गोठ्याक दारच नाय. सगळा वारा आत." आतेने गंभीरपणे मान हलवली. दोघींनी मिळून पहिल्या नंबरच्या गोठ्याला बाद ठरवलं आणि फिलुमेनाबायने पाठवलेलं दोदोल, ते नाताळातलं नारळ-गुळाचं गोड, खायला बसल्या.

जानेवारीत तीन राजांचा सण झाल्यावर गोठा मोडला. फिलुमेनाबायची पेटी बाल्कांवात आणून आते एकेक मूर्ती जुन्या कागदात गुंडाळत होती. गाय, गाढव, राजे, जोजेफ. शेवटी तिच्या हातात बाळ उरलं. गोपू तिच्या गुडघ्याला टेकून उभा होता.

"आते, आता हो खंय जातलो?"

"व्हड जातलो. दुसरां काय?"

"मगे?"

"मगे चलतलो. धावतलो. आवयचां आयकूचो ना. आवय मागसून बोवाळ घालीत रवतली, आनी हो आपलो धावत."

गोपूला हे फारच आवडलं. तो लगेच पायऱ्या उतरून अंगणातून फाटकापर्यंत धावत सुटला, अनवाणी, डोक्यावर काही नाही, समोरून सकाळचं बोचरं वारं. मी सवयीने हाक मारायला तोंड उघडलं, तर आतेने माझं मनगट धरलं.

"धावूं दी गो," ती म्हणाली.

गोपू फाटकाला हात लावून परत वळला, पुन्हा गेला, पुन्हा वळला. आते त्याच्याकडे बघत होती. एका हातात कागदात अर्धवट गुंडाळलेलं बाळ, आणि दुसऱ्या हातात माझं मनगट, जे ती सोडायचं विसरली होती. मीही ते सोडवून घेतलं नाही.