पालखीनं काढलेली खूण

अंगात येणं, कौल लावणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जाफराबादेत कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी केली. काटा दाखवेल तेच खरं, हा माझा स्वभाव. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

माझी बायको, सुमन, गेल्या वर्षी गेली. तिला कोकण बघायचं होतं, तेही सावकाश... एकेका गावात मुक्काम करत, देवळं, नमन-खेळे, शिमगा बघत. "समुद्र पळत पळत बघायचा नसतो," म्हणायची. दरवर्षी कापसाचा हंगाम आडवा यायचा. शेवटी यंदा शिमग्याला मी एकटाच एसटीनं निघालो. तिचा चष्मा खिशात होता. ती गेल्यापासून तो खिशातच असायचा. कपाटात ठेवला की दहादा कपाट उघडायचो. या सगळ्याचा आता थकवा आला होता.

रत्नागिरीकडच्या एका गावात (नाव मुद्दाम देत नाही) भर दुपारी सुरूच्या बनात गेलो. चिटपाखरू नव्हतं. हातानं वाळू उकरली आणि चष्मा घरासकट पुरला. म्हटलं, सुटलो. उद्या घरी जायचं.

दुपार कलल्यावर देवळापुढे पालखी नाचत होती. मी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते अनंतदादा सांगत होते — मैदानात कुठंतरी नारळ पुरतात, खांदेकऱ्यांना जागा ठाऊक नसते, पालखी आपोआप तिथं जाते. याला 'खूण काढणं' म्हणतात. कुणीतरी इशारा करत असणार, मी मनात म्हटलं.

पालखी मैदान सोडून निघाली. "आरं, नारळ हिकडं हाय!" लोक ओरडत होते. खांदेकरी फरफटल्यासारखे सुरूच्या बनात गेले, आणि पालखी त्याच जागी टेकली. अनंतदादांनी वाळू उकरून चष्मा वर काढला.

"कुनाचा वो ह्यो?"

"माझा न्हाई," मी म्हणालो. कुणी विचारलंही नव्हतं मला एकट्याला.

मग पालखी उठेना. दोघांना उचलेना म्हणून आणखी चौघं लागले, तरी तसूभर हलेना. वजनं बघण्यात जन्म गेलाय माझा. ती पालखी दोन माणसांना जड नव्हती.

"ज्याचा आसंल त्यानं घ्या," अनंतदादा म्हणाले. "देवाला ताटकळत नका ठेवू."

मी पुढं झालो. "माझ्या मंडळीचा हाय." चष्मा हातात घेतला, तशी पालखी अशी झटकन वर गेली की खांदेकरी तोल जाऊन पडता पडता वाचले.

मला राग आला. खरंच सांगतो, देवाचा राग आला. एवढी एक वस्तू ठेवून द्यायची होती, तीही ठेवू दिली नाही.

दुपारी मला कुणी पाहिलं असेल का? असेल. पण ते वजन? त्याचा हिशेब मला आजही लागलेला नाही.

रात्री मुलीचा फोन आला. "अण्णा, उद्या निघून राह्यले ना? जल्दी या. लई थकले तुम्ही."

"थकलो तर हाय. पण दोन-चार गावं ऱ्हायलीत."

"मंग ऱ्हाऊ द्या ना ती. पुरे झालं आता."

"तुझ्या आईचं बघून झालं न्हाई अजून," मी म्हणालो.