नवव्या तुकड्याची सही

मी लेखक नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि नोकरीभर लिहिले ते पंचनामे. तेव्हा हे धाडस वाचकांनी पोटात घालावे. पण वसईतला तो पानमळा इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही.

नव्वदचे दशक होते. एका सामायिक विहिरीभोवती नऊ कुटुंबांचे नऊ तुकडे, सगळीकडे नागवेली. तिथे इमारती व्हायच्या होत्या, त्यासाठी नऊ सह्या हव्या होत्या. जो नकार देई, त्याच्या वेली आठवडाभरात करपत. कीड नाही, कोयत्याचा घाव नाही. आठ तुकडे गेले, आठ सह्या झाल्या. उरली एक निपुत्रिक विधवा. ती आमच्या पोलीस ठाण्यात आली.

"लोक म्हणतात, जागेचा राखणदार कोपलाय. कोपू दे. मी सही देणार नाही. पण माझा मळा वाचवा, साहेब."

हवालदाराला घेऊन मी गेलो. बांधावरच तिने अडवले. "बूट इथं काढा. पानमळ्यात पायताण चालत नाही."

अनवाणी आत शिरलो. भर दुपारी आत अंधूक. बाहेर वारा होता, आत एक पान हलत नव्हते. तिचा तुकडा सोडला तर बाकीच्या वेली आधाराला मिठी मारून उभ्याच मेल्या होत्या. मातीवर पांढरी साय धरली होती. अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

हवालदार मिठागराच्या गावचा. त्याने चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकला. "राखणदार कसला, साहेब? खाडीचं पानी हाय ह्ये."

सगळ्या तुकड्यांना पाणी घालायचे काम एकाच माणसाकडे होते, त्या बाईच्या दिराकडे. त्याला ठाण्यात आणले. तासभर त्याची एकच टकळी, "मला काय ठाऊक?" शेवटी मी थाप मारली.

"खारं पाणी ओतताना तुम्ही चपला घालून शिरलात. ठसे मिळालेत."

तो ताडकन उठला. "खोटं! पाप लागंल! तेव्हाबी बांधावरच काढल्या होत्या!"

दाराशी त्याची वहिनी, ती विधवा, उभी होती.

"चपलांचं पाप बरं कळलं तुम्हाला, भावजी."

मग त्याने सगळे सांगून टाकले. बिल्डरच्या दलालाने त्याला नव्या इमारतीत दोन खोल्या कबूल केल्या होत्या. गुन्हा नोंदवला, दलालालाही आणले. तिचा तुकडा वाचला. बाकी आठांची माती मात्र सुधारली नाही.

मोठे पाप करणारा माणूसही एखादे लहान पाप कसोशीने टाळतो. पुढे प्रत्येक तपासात मी ते आधी शोधू लागलो.

निवृत्तीनंतर त्याच हवालदाराचा फोन आला. बाई सही न देताच गेली. तुकडा दिराच्या नावावर आला. बिल्डरची माणसे चार वेळा त्याच्या दारात जाऊन आली. म्हाताऱ्याने अजून सही दिलेली नाही.