लाईट आली की आपोआप

गहिनीनाथला गावात कुणी नावानं हाक मारत नसे. "ये सायंटिस" म्हणायचे. चिडवायचे खरे, पण घरातला मिक्सर बसला की तोच मिक्सर काखेत मारून त्याच्या दारात उभे राहायचे. आष्टी तालुक्यातल्या त्या वस्तीवर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाला नव्हता. उन्हाळ्यात तो कडा गावच्या एका दुकानात जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचा, पाऊस पडला की आपलं कोरडवाहू रान बघायचा आणि दसरा झाला की बायकोला घेऊन ऊस तोडायला जायचा. त्यातलं हे तिसरं काम त्यानं निवडलेलं नव्हतं. बाप जात होता, म्हणून हाही गेला.

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. मागच्या हंगामात माजलगावकडच्या उसाच्या फडात, डोक्यावर मोळी असतानाच मनिषाचा गर्भ पडला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली, कारण फडावर अर्धा कोयता चालत नाही. गहिनीनाथ तिच्याजवळ जाऊन म्हणाला, "मने, हे शेवटचं. म्होरल्या साली तुला फडावर आणणार न्हाई. काय बी करीन." मनिषा हातातली मोळी बांधत राहिली. पण तिनं तो शब्द धरून ठेवलाय, हे त्याला कळलं.

काय बी करीन, हे म्हणायला सोपं असतं. करायचं काय, ते त्याला गावी परतल्यावर सुचलं. गावचे बागायतदार मोहनराव यांचा फवारणीचा ड्रोन विजेच्या तारांत घुसून पडला होता आणि त्याचं भंगार गोठ्यात धूळ खात होतं. गहिनीनाथनं ते मागून आणलं. मोटार बघावी तर वाटीएवढी, पण तिच्या पात्यांचा वारा असा की उभा माणूस मागं सरकावा. त्याच्या डोक्यात उफणणीचा, म्हणजे धान्यातला भुसा उडवायचा पंखा होता. भादव्यात वारा पडतो. मूग, उडीद, मग बाजरी खळ्यावर येऊन पडते आणि बायका सूप घेऊन वाऱ्याची वाट बघत बसतात. वारा ज्याच्या दारात, त्याच्याच दारात अख्खी वस्ती पैसे देऊन उफणायला येणार. मग मनिषाला फडावर जायची गरज उरणार नव्हती.

आता ही मोटार काही विहिरीवरच्या मोटारीसारखी नव्हे, की तार जोडली आणि लागली फिरायला. तिच्या आधी एक चपटा कंट्रोलर असतो आणि त्याला सतत सांगत राहावं लागतं, किती वेगानं फिरव. ड्रोनमध्ये ते सांगणारा मेंदू होता, तो तारेवरच जळून गेला होता. गहिनीनाथनं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बोटाएवढा एक बोर्ड मागवला आणि जुन्या रेडिओची आवाजाची खुंटी त्याला जोडली. बोर्ड कंट्रोलरला विजेच्या बारीक टिचक्या देई. खुंटी पिळली की टिचकी लांबे आणि वेग वाढे. ड्रोनच्या बॅटऱ्या फुगून गेल्या होत्या, म्हणून त्यानं भंगारवाल्याकडचे पॉवर सप्लाय एकापुढं एक जोडून सगळं घरच्या लाईटवर आणलं. एक कंट्रोलर फटकन उडाला, दुसऱ्यानं धूर सोडला. तिसरा चालला.

पंखा पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा अंगणातल्या कोंबड्या फडफडत भिंतीला जाऊन चिकटल्या. त्याची आई सरस्वतीबाई पदर सावरत ओरडली, "आरं गहिन्या, आता घर बी उडीव!" आणि मनिषा हसली. फडावरून आल्यापासून ती अशी हसली नव्हती.

हंगाम बरा सुरू झाला. बायका धान्याच्या पाट्या घेऊन यायच्या, मनिषा वाऱ्यासमोर सूप धरायची. पंख्याला त्यानं कूलरची जाळी बसवली होती आणि आत गुंतलेला भुसा काढायला खालच्या बाजूनं हात जाईल एवढी जागा ठेवली होती. कटकट एकच होती. लाईट दिवसातून कितीदा जाई, आणि परत आली की कंट्रोलर टीं टीं करून थांबून राही. खुंटी शून्यावर आणून दाखवल्याशिवाय तो पंखा फिरवत नसे. कंट्रोलर बनवणाऱ्यानं ते मुद्दामच तसं केलं होतं. कुणाचा हात आत असेल, असं तो दर वेळी धरूनच चाले.

आपल्याकडं असला भित्रेपणा कोण खपवून घेतो? विहिरीवरच्या मोटारीला आपण ऑटो लावतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरात निवांत. गहिनीनाथनं हेच केलं. लाईट आली की आधी शून्याची टिचकी द्यायची, कंट्रोलरचं समाधान होऊ द्यायचं आणि मग खुंटी असेल तितका वेग, असं त्यानं बोर्डाला शिकवलं. कंट्रोलर गपगुमान फसला. गहिनीनाथ खूश झाला. समोरच्या घरातल्या शहादेवला त्यानं ते ओढून आणून दाखवलं. "लाईट आली की आपोआप! हाय का न्हाई?" मोहनरावांच्या गड्याला सांगितलं, दुकानात फोन करून सांगितलं. पारावरच्या रिकामटेकड्यांना तर दोनदा सांगितलं.

एका मनिषाला सांगायचं राहिलं. ती तेव्हा रानात बाजरी खुडत होती. आली तर चुलीपाशी बसली. बायकोला काय सांगायचं, तिला दिसेलच की. अशी ही आपली रीत, आणि आग लागो त्या रीतीला.

दुसऱ्या दिवशी बाजरी उफणताना लाईट गेली. पंखा थांबला. पात्यांच्या मुळाशी भुशाचा गुंता झाला होता, म्हणून मनिषानं रोजच्यासारखा खालून हात घातला. गहिनीनाथ समोर शहादेवच्या ओट्यावर चहा पीत होता. लाईट आली. त्याबरोबर शेजारची पिठाची गिरणी घरघरली आणि तिच्या आवाजात टीं टीं कुणालाच ऐकू आली नाही. त्याच्या कानावर पडली ती आईची किंकाळी. मनिषाच्या तोंडून आवाजच फुटला नव्हता.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी वाचवली. मधली तिन्ही बोटं गेली. भानावर आल्यावर मनिषानं विचारलं, "आवं, त्यो आपोआप कसा सुरू झाला?" गहिनीनाथनं खाली मान घालून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"शहादेवभावजींना ठावं होतं?"

त्यानं मान डोलावली.

"मोहनरावांच्या गड्याला?"

त्यानं पुन्हा मान डोलावली.

"मग मला तेवढं कावून सांगितलं न्हाई?"

त्याला रडू कोसळलं. ती उत्तराची वाट बघून भिंतीकडं वळली.

घरी आल्यावर त्यानं पंख्याचा तुकडा न् तुकडा केला. दसरा झाला आणि मुकादम पंडित कोयते गोळा करत दारात आला. मनिषाच्या हाताकडं बघून त्यानं काढलेली वही परत खिशात घातली. माणूस वाईट नव्हता. "गहिनीनाथ, गड्या, एकट्याला कुठं लावू मी? कोयता म्हंजे दोन माणसं."

मग उंबऱ्यात बसलेली सरस्वतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "माझं नाव घाल. हातातलं काम इसरले न्हाई मी." म्हातारीनं फड सोडून किती वर्षं झाली होती. नको म्हणायला गहिनीनाथनं तोंड उघडलं, पण घर चालवायचं होतं, आणि त्यानं पंडितला आईचं नाव लिहून घ्यायला सांगितलं.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर दारात आला. म्हातारीला दोघांनी काखेत धरून ट्रॉलीत चढवलं. मनिषा डाव्या हातानं आणि दातांनी भाकरीच्या फडक्याला गाठ मारत होती.

"ऱ्हाऊ दे मने, मी मारतो."

तिनं गाठ आवळली, फडकं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुमी म्हनला तसंच झालं बगा. ऱ्हायले मी घरी."

ती हे टोचून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी साधं बोलली होती, जाणाऱ्या माणसाला धीर द्यावा तसं. गहिनीनाथ ट्रॉलीत चढला आणि आईच्या पायाशी, घराकडं पाठ करून बसला.