हळकुंड मोडून बघणारे आणि फुकटचं अ‍ॅप

हिंगोलीच्या मार्केटात हळदीची आवक उन्हाळ्यात, किश्श्यांची मात्र बारमाही! आमच्या अडतीवर तर इतके साचलेत की ठेवायला गोदाम घ्यावं लागेल. आणि त्यातले निम्मे एकाच वाणाचे : फुकट म्हणून घेतलेलं अ‍ॅप.

आता गंमत बघा. आमची माणसं पोत्याच्या तोंडावरच्या हळदीवर कधी भरोसा ठेवत नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालतात, तळातलं हळकुंड काढतात, कानाशी धरून कट्‌कन मोडतात, आतला रंग बघतात आणि मग भाव बोलतात. पण मोबाईलवर ‘फ्री’ दिसलं की डायरेक्ट अंगठा! खाली बारीक अक्षरात ‘अ‍ॅपमधील खरेदी’ लिहिलेलं असतं, कितीपासून कितीपर्यंत तेही असतं. तेवढं सोडून बाकी सगळं वाचतात.

अडतीवर आम्ही चौघं. मालक म्हणजे शेठ. माप घालणारे कोंडिबामामा. हिशेब बघणारा बालाजी. आणि खरेदीदारांना नमुने दाखवणारा मी, म्हणजे बोलायचं खातं माझ्याकडे. बालाजीचं लग्न जमत नव्हतं. चौतिशी ओलांडली, तीन एकर वावर, सरळ पोरगा, पण ‘नोकरी काय?’ इथं गाडी अडायची. कधी कधी तो दिवसभर तीच ती बेरीज पुन्हा पुन्हा करत बसायचा. आम्हाला खरंच वाईट वाटायचं, म्हणून आम्ही त्याला जास्त चिडवायचो.

*

शेठना शेतीचा गेम लागला. पेरायचं, पाणी द्यायचं, काढायचं, सगळं बोटानं. पीक यायला आठ तास, पण घाई असेल तर आत हिरवे हिरे विकत मिळतात. हिरा टाकला की पीक तयार! शेठनी हिऱ्यांवर हिरे घेतले.

वसमतकडचे उत्तमराव हळद घेऊन आले होते. ते शेठच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “शेठ, आमच्या हळदीला नऊ महिने लागून राहिले, तुमची पाच मिनिटांत आली. एवढं एक बटन आमच्याबी वावरात बसवून द्या की!”

शेठनी फोन गल्ल्यात टाकला आणि चहा सांगितला.

*

कोंडिबामामांनी भविष्याचं अ‍ॅप घेतलं. फुकट! जन्मवेळ टाकली. अ‍ॅप म्हणालं, तुमच्या कुंडलीत मोठा धनलाभ आहे, कधी आहे ते बघायला एकशे नव्व्याण्णव भरा.

मामा भडकले. “ह्याला माझा धनलाभ दिसून राहिला ना? मग आधी तो येऊ दे, अन्‌ अडत कापतेत तसं त्यातूनच कापून घे म्हणावं!”

बालाजीनं समजावलं, “मामा, ते मशीन हाय.”

“मशीन असू दे, नाहीतर आणखी काही. मार्केटचा कायदा सगळ्यांना बराबर!”

*

शेठना मग एक शोध लागला. फुकटच्या अ‍ॅपमध्ये पैसे मागणारी खिडकी आली की ती बंद करायची. थोड्या वेळानं तेच अ‍ॅप कमी भाव घेऊन येतं. पुन्हा बंद करायची, पुन्हा कमी! शेठच्या अंगात व्यापारी संचारला. दुपारभर गिऱ्हाईक सोडून ते त्या खिडकीशी घासाघीस करत बसले.

तिसऱ्या प्रहरी ओरडले, “तुटला! निम्म्याच्याबी खाली! वर्षाचा सौदा केला!”

“पण शेठ, घेतलं काय?” मी विचारलं.

“ते न्हाई पाहिलं. पण भाव बघ ना!”

बालाजीनं फोन हातात घेतला आणि हसू दाबत म्हणाला, “शेठ, हे गरोदर बायकांनी काय खावं, त्याचं अ‍ॅप हाय.”

शेठ साठीला आलेले. क्षणभरच गडबडले. “असू दे. वर्षभराचा माल हाय. तू लवकर लग्न कर म्हणजे वाया जाणार न्हाई!”

*

मग मी मनावर घेतलं. बालाजीचा बायोडाटा केला. फोटो उजळ करायला फुकटचं अ‍ॅप घेतलं. फोटो झकास आला, फक्त छातीवर त्या अ‍ॅपचं नाव मोठ्या अक्षरात उमटलं. काढायचं तर पैसे. मी म्हटलं, नावानं काय बिघडतं? दिला एका स्थळाला पाठवून.

दुसऱ्याच दिवशी मुलीच्या बापाचा फोन. आवाजात लोणी! “जावईबापू ह्याच कंपनीत परमनंट हायेत ना?”

मी ‘व्हय’ म्हणणार, तेवढ्यात बालाजीनं फोन ओढून घेतला. “न्हाई काका, ती जाहिरात हाय. मी हळदीच्या अडतीवर असतो.”

स्थळ तिथंच संपलं. मी त्याला खूप शिव्या दिल्या. तो म्हणाला, “उद्या ती घरात आल्यावर कळलंच असतं ना.” त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

*

शेवटी शेठनी बालाजीला स्थळांचं अ‍ॅप दाखवलं. बालाजी तोवर शहाणा झाला होता. डाउनलोडच्या आधी थेट खाली गेला आणि वाचून दाखवलं. “नंबराला पैसे, फोटो साफ दिसायला पैसे, पसंत हाय म्हणायलाबी पैसे!”

“मी भरतो,” शेठ म्हणाले.

“न्हाई. फुकटात जेवढं दिसते तेवढं बघू.”

दिसलं ते एवढंच : धूसर फोटो आणि खाली ‘पुसेगाव, स्वतःचं शिवणकामाचं दुकान’.

बालाजी उठला. “पुसेगाव आपल्याच जिल्ह्यात हाय, अन्‌ काही मुंबई न्हाई. काढ गाडी.”

पहिल्या दुकानात सत्तरीचे आजोबा पायजमा शिवत होते. दुसऱ्या दुकानात ती होती. शेजारी तिचे वडील पेपर वाचत बसलेले. बालाजी उंबऱ्यावरच चपला काढत राहिला. मग मी सुरू झालो. घराणं, स्वभाव, वावर, विहिरीचं पाणी...

“दादा, तुमी थांबा. ह्यांना बोलू द्या,” ती म्हणाली. मग बालाजीकडे बघून, “अ‍ॅपवरून आले ना? मग नंबर काहून न्हाई घेतला?”

“पैसे लागत होते. मी आधीच खालचं वाचलं होतं.”

तिनं मशीन थांबवली. “मीबी वाचते. वरून सगळं फ्रीच दिसते. तुमच्यात आत काय काय हाय, ते आताच सांगा.”

मी बालाजीला कोपर मारलं, कुजबुजलो, “नोकरी सांग!”

बालाजीनं एकदा माझ्याकडे बघितलं. “नोकरी न्हाई. अडतीवर हिशेब बघतो. तीन एकर वावर हाय. तंबाखू खातो, सोडून राहिलो. आईला कमी ऐकू येते, म्हणून घरात सगळे ओरडून बोलतेत. भांडण न्हाई ते.”

वडिलांनी पेपर खाली ठेवला. मला राहवलं नाही. “ताई, असं पोरगं अख्ख्या जिल्ह्यात...”

“अन्‌ हे कोण?” तिनं बालाजीला विचारलं.

दुकानात आल्यापासून बालाजी पहिल्यांदा हसला. “हे जाहिरात. मधी मधी येतेत.”

तिनं कात्री उचलली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याला विचारलं, “लग्नानंतर बंद करायला किती पैसे पडतेत?”