बाबली मेस्त्रीची तांबडी भाजी

सर्जेकोटच्या बाबली मेस्त्रीला राग यायला कारण लागत नसे. राग आधी यायचा, कारण मागाहून आपलं आपण चालत यायचं. होडीच्या फणशी फळीत गाठ निघाली की तो त्या झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. भरती लवकर चढली, तर गुडघाभर पाण्यात उभा राहून समुद्राला विचारायचा, "तुका कोणी बोलावल्यान होता?" पण त्याने बांधलेल्या होडीत पाणी कधी शिरायचं नाही. म्हणून खाडीच्या दोन्ही काठांची माणसं त्याचा राग देवाच्या तीर्थासारखा निमूट घ्यायची.

अठ्ठावन्न साली दिवाळी झाली आणि त्याला जो राग आला, तो मात्र त्या वाडीत अजून कोणी विसरलेलं नाही.

त्याची सून तुळसा दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या खेपेला मूल गेलं होतं आणि तीही जाता जाता राहिली होती. या खेपेलाही तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. दोन कळश्या आणल्या की उंबऱ्यावर बसून धापा टाकायची. बाबली तिला घेऊन मालवणात डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि ते गंभीर झाले.

"मेस्त्री, हिच्या रक्तात लोह फार कमी आहे. अशीच राहिली तर बाळंतपणात काय होईल सांगता येत नाही. गोळ्या देतो, पण तांबडी भाजी, नाचणी, मासे पोटात जायला हवेत."

"लोह म्हंजे?"

"लोखंड."

झालं! बाबलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परतीच्या वाटेवर तो सुनेच्या पुढे तरातरा चालत होता आणि भेटेल त्याला थांबवून सांगत होता, "माझ्या घरात लोखंड कमी म्हणता तो डाक्तर! माझ्या! बाबली मेस्त्रीच्या!" जुन्या होड्या मोडून काढलेल्या खिळ्यांचा डोंगर ज्याच्या खळ्यात, त्याला हे ऐकावं लागलं. राग येणारच.

घरी येताच त्याने परसात वाफा खणला. टोपलीभर गंजके खिळे त्यात पेरले, वर माती ओढली आणि मग तांबड्या भाजीचं बी फेकलं. त्याचा हिशोब सरळ होता. खिळे मुळाखाली, मूळ ते खाणार, पानात चढवणार, पान तुळसाच्या पोटात जाणार. यात न कळण्यासारखं काय होतं? शेजारची लक्ष्मी दोन परसांमधल्या दगडी गडग्यावरून वाकून म्हणाली, "मेस्त्रीनु, भाजी लावतास काय होडी?"

"तुझ्या भाजयेत काय आसा गो? नुसता पाणी! ही बघशीत, चावताना दात वाजतले!"

भाजी उगवली खरी, पण रोडकी, पिवळट. बाबली सकाळ-संध्याकाळ वाफ्याच्या काठी उभा राहून तिला शिव्या देऊ लागला. त्याच सुमारास गावचा ग्रामसेवक परुळेकर सायकलवरून आला. जपानी पद्धतीने भात कसं लावायचं ते घरोघर सांगत फिरणं हे त्याचं काम. त्याने वाफ्यात बोट खुपसलं, बोटाला खिळा टोचला आणि तो ओरडला.

सगळी हकिकत ऐकल्यावर तो हसला नाही, हे त्याचं नशीब. म्हणाला, "बाबलीकाका, झाडाला दात नाहीत. मूळ फक्त पितं. पाण्यात विरघळलेलं असेल तेवढंच वर जातं. आणि ही आपली माती तांबडी कशाने? लोखंडानेच! लोखंडाचा तोटा नाही. ते विरघळत नाही, ही अडचण आहे."

"म्हंजे माझे खिळे फुकट?"

"फुकट."

"आणि वर जाता ह्या तू बघितलंस? आत शिरून?"

परुळेकरही हट्टाचा निघाला. त्याने यमुनाबाईंच्या, म्हणजे बाबलीच्या बायकोच्या, कुंडीतली पांढरी शेवंती दांड्यासकट कापली आणि खिशातल्या दौतीतल्या लाल शाईच्या पाण्यात उभी केली. संध्याकाळपर्यंत पाकळ्यांच्या कडांना लाली चढली. दांड्यात बारीक नळ्या असतात, त्यांतून मूळ प्यालेलं सगळं पानाफुलापर्यंत पोचतं, असं त्याने समजावलं. मग सांगितलं, "खिळे काढा. शेणखत आणि चांगला कुजलेला पाला घाला. पाला कुजताना जे सुटतं, ते लोखंडाला मुळाच्या तोंडी लावतं."

बाबलीने खिळे काढले. प्रत्येक खिळा काढताना परुळेकराचं नाव घेतलं, तेही चांगल्या शब्दांत नव्हे. पण पाला घातला. आणि काय सांगावं, पुढचं पीक असं आलं की पानं रुंद, काळपट लाल, चिरताना विळीला रंग लागायचा! घरात रोज तांबडी भाजी शिजू लागली. खोबरं पेरलेली, लसणीची फोडणी दिलेली. बाबली आणि त्याचा झील शंकर, म्हणजे तुळसाचा नवरा, दुपारी कामावरून येऊन जेवायला बसले की बाबली एकेक घास तोलून खायचा. "घाल गो आणखी! बघ शंकर, जोर कसो येता!" तो दुसऱ्यांदा मागायचा, तिसऱ्यांदा मागायचा. लक्ष्मीला गडग्यावरून दंड फुगवून दाखवायचा.

सातवा महिना सरताना तो तुळसाला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेला. छाती पुढे काढून गेला. डॉक्टरांनी पापणी ओढली.

"मेस्त्री, काहीच फरक नाही. उलट थोडी खालावलीच आहे."

बाबली तिथून तडक परुळेकराच्या खोलीवर. दार लोटून आत शिरला. "खंय फुटली तुझी नळी? सांग! माझी सून मरतली आणि तू फुलां रंगव!"

परुळेकराने शांतपणे सगळं विचारून घेतलं. भाजी कशी आली, किती आली. मग म्हणाला, "काका, मुळापासून पानापर्यंत पोचलंय, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. पानापासून पुढे तुमच्या घरातलं मला काय ठाऊक?"

हे वाक्य बाबलीच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. तुळसाला तो घरी सोडून किनाऱ्यावर गेला, पण लाकूड तासायला वाकस हातात धरवेना. एरवी जेवल्यावर जो जायचा तो दिवेलागणीलाच परतायचा. त्या दुपारी तो घरी जेवून पुन्हा गेला आणि थोड्याच वेळात मागच्या दाराने परत आला.

तुळसा चुलीपाशी एकटी जेवत होती. ताटात उकड्या तांदळाचा भात, वर पेजेचं पाणी, बाजूला मिठाची मिरची. भाजीचं टोप तिने पुढ्यात ओढलं होतं आणि भाताच्या घासाने ते आतून पुसून घेत होती. टोपात पानाचा एक तुकडा नव्हता. बांगड्याच्या कढीच्या मडक्यातही तेच, रंग तेवढा उरला होता.

बाबली दारातच उभा राहिला. आधी पुरुषांनी जेवायचं, मग सासूने, सर्वांत शेवटी सुनेने उरेल ते. त्याच्या आईच्या घरात असंच होतं, आजीच्या घरातही. आणि इथे रोज तिसऱ्यांदा भाजी मागणारा कोण, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

असा राग त्याला जन्मात आला नव्हता, कारण या खेपेला शिव्या द्यायला समोर कोणी नव्हतं. तो ओरडला तो टोपावर. "ह्या काय? ह्या काय जेवण? पोटुशी बाय टोप पुसता, आणि मी रेडो जोर दाखवतंय!"

तुळसा घाबरून उठली. यमुनाबाई धावत आल्या. "काय झाला? शेजारी ऐकतले!"

"ऐकांदे! उद्यापासून ह्या पोर आधी जेवतला. मासळीचो मधलो तुकडो तेका. मगे आमी."

"लोक तोंडात शेण घालतले."

"घालूं देत, शेणखत चांगला असता!"

दुसऱ्या दिवशी तुळसा पानावर बसली, पण सासऱ्यासमोर घास उचलेना. पदर हनुवटीपर्यंत आला. बाबलीला त्याचाही राग आला. शेवटी तो तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसला आणि भिंतीला उद्देशून हुकूम सोडू लागला, "वाढ! आणखी वाढ! माका पळीचो आवाज येऊक व्हयो!"

मग त्याला अचानक काही सुचलं. पाठ न वळवताच त्याने बायकोला विचारलं, "आणि तू गो? तू काय खायस इतकी वर्सां?"

यमुनाबाईंनी तुळसाच्या पानात पळी रिकामी केली. मग म्हणाल्या, "आज विचारतास?"

बाबलीने तिथूनच तिलाही पान मांडायला लावलं. त्या दिवशी तो उपाशी कामावर गेला, कारण भाजी दोघींतच संपली.

माघात तुळसा बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण म्हणाली, या खेपेला तुळसाच्या अंगात ताकद होती. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, मासे होते, भाजी होती. श्रेय कोणाचं यावरून बाबली आणि परुळेकर पुढे बरीच वर्षं भांडले.

बारशाला वाडी जेवायला बोलावली होती. पुरुष रिवाजाप्रमाणे हात धुऊन मांडवात आले, तर बाबली आडवा हात करून उभा. "आधी बायलांची पंगत."

"बाबली, डोक्यार पडलंस काय रे?" भाई आचरेकर म्हणाले. वाडीतले सर्वांत वडीलधारे ते.

"पडलंय. तुमी भायर बसा."

भाई पाठ फिरवून गेले, त्यांच्यामागून आणखी काही गेले. बाबली त्यांच्या पाठीवर ओरडला, "जावा! घराकडे जावन बघा तुमचे सुने काय जेवतत ता!"

मांडवात बायका अवघडून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. कोणी पहिला घास घेईना. मांडीवर लेक घेतलेल्या तुळसाने वाढायला उभ्या असलेल्या यमुनाबाईंपुढे पान सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आये, माका भाजी आणखी वाढ."