दर महिन्याची भाऊबीज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिला तर माझं सगळंच माहीत असतं, निदान तिचा तसा समज आहे.

तेव्हा आम्ही गौलीगुड्यात राहायचो, बसस्टँडमागच्या दोन खोल्यांत. वडील नुकतेच गेले होते. आई भाजीवाल्याशी दखनी उर्दूत असं भांडायची की तो वर कोथिंबीर देऊन सुटका करून घ्यायचा. तेलुगू मात्र तिला कधी आली नाही. मी कॉलेजात होतो आणि चार जाड पुस्तकं वाचून जगाकडे जरा वरूनच बघत होतो.

मामा, आईचा धाकटा भाऊ, कुकटपल्लीला पंपांच्या कारखान्यात फिटर होता. महिन्यातल्या एका बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, यायचा. येताना हंगामात सीताफळं आणायचा. बहिणीच्या हातात पैसे ठेवले तर ती घेणार नाही हे त्याला ठाऊक. म्हणून तो पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "ओवाळ गं अक्का." आई निरांजन लावायची, त्याला कुंकू लावायची, तो तबकात नोटा टाकायचा. आमच्याकडे भाऊबीज दर महिन्याला यायची. एरवी मला असल्या सोहळ्यांचं हसू यायचं. याचं का येत नसे? त्याच्या शर्टाचा ग्रीसचा वास आणि तुपाच्या वातीचा वास—ते दोन्ही एकत्र मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत.

आईने विधवांच्या सरकारी पेन्शनसाठी अर्ज केला होता. ज्यांना कुणाचाच आधार नाही, त्यांच्यासाठी ते पेन्शन. तिच्यापेक्षा घाई मला होती. मामाने कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि मला एम.ए. करायचं होतं; पेन्शन आलं तर ती नोकरी टळणार होती. हाताला ग्रीस नको होतं—इतकंच.

चौकशीचा माणूस आला तो नेमका त्या बुधवारी. मामा पाटावर, कपाळावर ओलं कुंकू. आलेला माणूस फक्त तेलुगू बोलणारा, म्हणून मधे मी. त्याने विचारलं, कुणी पैसे देतं का? मी ते आईला मराठीत सांगितलं. ती सरळ म्हणाली, "हो, हा माझा भाऊ देतो. दर महिन्याला ओवाळणी घालतो. सांग त्यांना."

मी सांगितलं, "एवरू लेरु." कोणी नाही.

त्याने मामाकडे बोट केलं. मी म्हणालो, हे शेजारी आहेत.

मामाला तेलुगू माझ्याहून चांगली यायची. मला हे माहीत नव्हतं का? होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मनगटाने कपाळ पुसलं, चपला घातल्या आणि निघाला. आई मागून म्हणत होती, "अरे, चहा टाकलाय."

पेन्शन मंजूर झालं. त्याचाही समारंभ झाला: मांडव, हार, पुढाऱ्याचं लांबलेलं भाषण, आणि उन्हात ताटकळलेल्या बायका. त्या थाटाची मी मित्रांत यथेच्छ टिंगल केली. मला तेवढा अधिकार आहे असं मला वाटत होतं.

पैसे मामा देतच राहिला, पण मला कारखान्याच्या फाटकाशी बोलावून. घरी चल म्हटलं तर हसला. "नक्को रे. शेजाऱ्याला कुणी ओवाळतं का?" पुन्हा तो आमच्या घरी आला नाही. खऱ्या भाऊबीजेलाही नाही.

आई दर वर्षी तबक तयार ठेवायची. एकदा, बरंच थांबल्यावर, तिने मला विचारलं, "त्या दिवशी परक्या माणसासमोर मी त्याच्या पैशाचं बोलले. ते लागलं असेल का रे त्याला?"

एक वाक्य पुरलं असतं. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि ती हेच मनात धरून गेली.

"लागलं असेल," मी म्हणालो. तिने ते लगेच मान्य केलं.